काळी नदीत कयाक उतरवण्यापूर्वी: धरणाचं पाणी कसं ओळखायचं

खानापूरच्या चौघा मित्रांचा प्रश्न आहे. दोन पावसाळे मलप्रभेत आणि खाली सत्तरीत म्हादईत कयाक चालवली, रोल, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणं, जमतो, होड्या स्वतःच्या आहेत. आता नद्या आटल्या. जानेवारीत सुपा धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडीला काळी नदीत स्वतःच उतरायचा बेत आहे, तर सुपा धरणातून पाणी किती वाजता सोडतात तेवढं सांगा. आणि तिथं परवानगी मिळाली नाही तर हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेत उतरलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, त्याकडं शेवटी येतो. पहिल्या प्रश्नात जी वेळ विचारलीय ती मी देणार नाही. दिली तर तुम्ही ती कागदावर लिहून घ्याल, त्या वेळेला घड्याळ बघून पाण्यात शिराल आणि ते घड्याळच तुम्हाला अडचणीत आणेल. गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्यात कुणी पाळायला बांधील नाही. म्हणून पाणी सुटतं कसं, पोचतं कसं आणि ओसरतं कसं ते सांगतो. हे डोक्यात बसलं की वेळ तुमची तुम्हाला काढता येईल, आणि चुकली तर चुकल्याचंही लवकर कळेल.

मलप्रभा आणि म्हादई तुम्हाला पावसाळ्यात भेटल्या. कणकुंबीला ढग फुटला की खानापुरात पाणी चढणार, हे तुम्ही आभाळाकडं बघून ओळखता. दोन पावसाळ्यांत लागलेली ही सवय चांगली आहे, पण काळी नदीत ती उपयोगाची नाही. काळी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते. तिचं पावसाचं पाणी सुपा धरणात साठतं आणि खाली येतं ते मुख्यतः वीजघरातून. धरण १९८७ साली पूर्ण झालं, उंची १०१ मीटर, पायथ्याला वीज करणारे ५० मेगावॉटचे दोन संच. जलाशय इतका मोठा आहे की पावसाळ्यात तो पाणी पोटात घेत राहतो. तुमच्या नद्या जुलैत भरून वाहतात तेव्हा गणेशगुडीच्या खाली राफ्टिंग बंद असतं, आणि तुमच्या नद्या आटल्या की इथला हंगाम सुरू होतो.

इथलं पाणी ठरतं विजेच्या मागणीवर. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो आणि तेवढ्याच वेळात बंद होतो, म्हणून राज्यात मागणी चढली की हात आधी त्याच्याकडं जातो. सकाळी पंप, गिझर, कारखाने सुरू होतात तेव्हा, आणि संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा. भर दुपारी सौर वीज हाताशी असली तर जलविद्युत मागं ठेवून धरणातलं पाणी वाचवता येतं. रविवारी कारखाने बंद, मागणी कमी. आणि पर्यटक नेमके रविवारी येतात. शिवाय हेच पाणी खाली बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात जातं, तिथून बोगद्यानं नागझरीच्या वीजघरात, पुढं कोडसळ्ळी, मग कद्रा. एकाच पाण्यावर चार ठिकाणी वीज होते, त्यामुळं वरचा निर्णय खालच्या जलाशयाची पातळी बघूनही होतो. या साखळीत राफ्टवाल्यांची सोय कुठंतरी शेवटी येते. राफ्टिंगवाले वीजघराशी बोलून घेतात, आदल्या दिवशी अंदाज मिळतो, बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण तो अंदाजच.

माझ्या आईचं माहेर जुन्या सुप्याजवळचं. ते गाव या जलाशयाखाली गेलं आणि माणसं रामनगरच्या वसाहतीत आली. मामी सांगायची, आमच्या वेळी नदी चैतात उडी मारून ओलांडता यायची. आज चैतात कुणी तशी उडी मारायला गेलं तर सकाळी ओलांडेल आणि दुपारी परत येता येणार नाही. नदी तीच दिसते, खडक तेच आहेत, म्हणून जुनी माणसंसुद्धा फसतात.

आता थोडा हिशोब. ५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालतोय आणि पाणी साधारण ७५ मीटर उंचीवरून पडतंय असं धरा. यंत्रातला तोटा वजा केला की सेकंदाला सुमारे ७५ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार क्युसेक. दोन्ही संच चालले की दुप्पट. जलाशयाची पातळी उतरली की उंची कमी होते आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त पाणी सोडावं लागतं, म्हणून मे महिन्यातला एक संच आणि नोव्हेंबरातला एक संच सारखे नसतात. संचाला तिथं मशीन म्हणतात, आणि आम्ही एकमेकांना विचारतो ते इतकंच: ‘किती मशीन चालू?’ तुम्हीही हाच प्रश्न विचारायला शिका. ‘पाणी सोडलंय का’ याचं उत्तर कुणीही हो म्हणून देतं आणि त्या हो मध्ये काहीच कळत नाही.

एका मशीनवर जो खडक पाण्याबाहेर डोकं काढून उभा असतो आणि ज्याच्या मागं तुम्ही निवांत एडीत, म्हणजे खडकाआडच्या संथ पाण्यात, थांबता, त्याच खडकावरून दोन मशीनवर पाणी कोसळतं आणि पलीकडं उलटं फिरतं. ती एडी आता होल, म्हणजे होडी धरून ठेवणारा भोवरा, झालेली असते. उलट, एका मशीनवर जो टप्पा खडकाळ आणि कटकटीचा, तो दोन मशीनवर बुडून सरळ मोठ्या लाटा होतो आणि सोपा वाटतो. या पट्ट्याला दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचे रॅपिड म्हणतात ते नेहमीच्या पातळीला. अर्ध्या पाण्यात किंवा चढत्या पाण्यात तो दर्जा कुणी मोजलेला नाही.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण चांगले पोहणारे कयाकवालेसुद्धा इथं चुकतात.

संच चालू झाल्यावर पाण्याची जी चढ खाली धावते ती पाण्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जोरात धावते, साधारण दीडपट. नदीत टाकलेलं पान सेकंदाला सव्वा-दीड मीटर जात असेल तर चढीचं तोंड दोन मीटरच्या आसपास जातं. दोन मीटरच्या हिशोबानं दहा किलोमीटर खाली पोचायला दीड तासाच्या आत-बाहेर. यातून दोन गोष्टी निघतात. तुम्ही पाणी सुटण्याआधी उतरलात आणि वाहत्या पाण्याबरोबर रमतगमत चाललात, तर चढ तुम्हाला मागून गाठणार. आणि पाणी आल्यावर उतरून जोरात पॅडल मारत सुटलात, मध्ये कुठं थांबला नाहीत, तर तुम्ही चढीच्या तोंडापर्यंत पोचाल आणि त्याच्याही पुढं कोरड्या खडकांत शिराल. असं झालेलं मी पाहिलंय. पोरं चांगली तयार होती, वेगाची हौस होती, चौथ्या किलोमीटरला अचानक होड्या दगडाला घासायला लागल्या. त्यांना वाटलं वरून पाणी बंद केलं. बंद काही केलं नव्हतं, ते पाण्याला मागं टाकून आले होते. अशा वेळी काठाला लागायचं, होडी वर ओढायची आणि अर्धा तास बसायचं. पाणी येतं.

वीजघराजवळ चढ उभी येते, काही मिनिटांत पाणी गुडघ्याचं कमरेला जातं. खाली जाईल तशी ती पसरते, हळूहळू चढते आणि म्हणून कळत नाही. मला स्वतःला खालच्या पट्ट्यातली चढ जास्त धोक्याची वाटते. वर माणूस घाबरून पळतो तरी.

मी गाइड म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका राफ्टिंग कंपनीत होतो. सकाळचं पाणी संपलं, दुपारी पाणी नाही असं आम्हाला सांगितलं होतं. सहा पर्यटक घेऊन नदीच्या मधल्या खडकाळ बेटावर जेवायला बसलो. राफ्ट खडकावर ओढून ठेवली, बांधली नाही. पलीकडच्या काठाला एक म्हातारे गळ टाकून बसले होते. ते उठले, गळ गुंडाळला, वर सरकले आणि ओरडले, ‘पाणी यायलंय रे, उठा!’ मी नदीकडं पाहिलं, मला काहीच दिसलं नाही. दोन मिनिटं मी तशीच घालवली. मग राफ्ट हलली. मी तिच्या मागं पळालो, दोरी हातात आली, पण मी आणि चार जण राफ्टमध्ये आणि दोघी बायका बेटावर अशी फाटाफूट झाली. बेट तासाभरात एका खोलीएवढं उरलं. आम्ही वरून थ्रो बॅगची (फेकायच्या दोरीच्या पिशवीची) दोरी बांधून त्यांच्याशी बोलत राहिलो. अडीच तासांनी संच बंद झाला, पाणी उतरलं, त्या चालत काठाला आल्या. दुसरा संच चालू झाला असता तर काय झालं असतं ते मी आजही मनात पुरं होऊ देत नाही.

त्या म्हाताऱ्यांकडं मी नंतर कितीतरी दिवस जाऊन बसलो. त्यांना काय दिसलं होतं ते विचारलं. त्यांनी जे दाखवलं ते तुम्हाला सांगतो.

थांबलात की पहिलं काम, पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची किंवा तीन दगड एकावर एक ठेवायचे, खालचा दगड पाण्याला टेकलेला. दर पाच मिनिटांनी बघायचं. डोळ्यांनी पातळी लक्षात राहत नाही, काठीला राहते. मग खडकाची ओली रेघ बघायची. पाण्याच्या वर ओला पट्टा असेल तर पाणी उतरतंय. पट्टा नाही, पाणी थेट कोरड्या, धुळीच्या दगडाला भिडलंय, तर चढतंय. चढत्या पाण्याच्या तोंडाला काठावरचा पालापाचोळा, वाळक्या काड्या, फेस येतो. पाणी वाढायच्या आधी कचरा वाढतो. कोरड्या वाळूवर पाणी सरकायला लागलं की वाळूतून हवेचे बुडबुडे निघतात. आणि आवाज. लहान खळाळ, तो कटकट करणारा, बुजत जातो आणि त्याच्याखालून जड आवाज येतो. म्हाताऱ्यांना तो आवाज आला होता. बोलत जेवणाऱ्या सात माणसांना आला नाही.

धरणाची दारं उघडायची असतील तर भोंगा वाजतो, पण वीजघरातला संच चालू झाल्याचं तुम्हाला चार किलोमीटर खाली ऐकू येईल असं धरून चालू नका. २०१४ साली ८ जूनला हिमाचलात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वर लारजी धरणातून पाणी सुटलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यांच्यातलं कुणी होडीत नव्हतं. ती पोरं नुसती दगडांवर उभी होती.

चढीबद्दल सगळे बोलतात, उताराबद्दल कुणी बोलत नाही. संच बंद झाला की पाणी तुमच्या खालून निघून जायला लागतं. उतार चढीपेक्षा लांबट असतो, पण तुम्ही शेवटच्या पाण्यावर उशिरा उतरलात तर तो तुम्हाला गाठतोच. खडक वर येतात, होड्या आडव्या अडकतात, माणसं खाली उतरून ढकलायला लागतात. पाय दगडांच्या फटीत जातो, मागून धार पाठीवर येते, माणूस पुढं वाकतो आणि पुन्हा उभा राहू शकत नाही. मांडीएवढ्या पाण्यात बुडतो. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उभं राहायचं नाही, हा नियम तुम्ही म्हादईत शिकला असाल. इथं तो दुप्पट पाळा, कारण इथं पाणी उथळ होत जातं आणि उभं राहायचा मोह वाढत जातो. पाठीवर तरंगा, पाय खालच्या बाजूला, पायाची बोटं पाण्याबाहेर, आणि कडेच्या उथळ पाण्यात अंग तळाला टेकेपर्यंत धीर धरा.

झाडांचं एक सांगायला हवं, कारण पावसाळी नदीतून येणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो. मलप्रभेचा पूर दरवर्षी पात्र झाडून काढतो. धरणाखाली तसा पूर येत नाही, म्हणून शेरणी, वाळुंज यांच्या झुडपांनी बेटं आणि कडा भरून जातात. पाणी नसताना ती काठावरची झाडं वाटतात. दोन मशीनच्या पाण्यात तीच झाडं प्रवाहाच्या मधोमध उभी असतात आणि पाणी त्यांच्यातून गाळून जातं. पाणी जातं, माणूस आणि होडी अडकते. बेटाजवळ नदी फुटली की दोन फाट्यांपैकी रुंद, उघडा फाटा घ्या, अरुंद सावलीचा कितीही सुंदर दिसला तरी. पोहत असाल आणि झाडाकडंच ओढले जात असाल, तर पाय पुढं ठेवून जाऊ नका. पालथं व्हा, डोकं पुढं करून जोरात पोहा आणि फांदीवर छाती चढवा. खाली गेलात तर फांद्या सोडत नाहीत.

थंडीचंही तसंच. खोल जलाशयाच्या तळाकडचं पाणी यंत्रातून येतं, ते एप्रिलच्या उन्हातही गार असतं. जानेवारीत सकाळी नदीवर धुकं असतं. दोनदा उलटलात, रोल हुकला, पोहलात, की बोटं पॅडलवर नीट वळत नाहीत. सुती बनियन घालून येऊ नका. लोकरीचा किंवा सिंथेटिक थर आत आणि वर वाऱ्याला अडवणारं जॅकेट. हेल्मेट, लाइफ जॅकेट, शिट्टी, प्रत्येकाकडं थ्रो बॅग, सुरी हाताला लागेल अशी. फोनच्या भरवशावर राहू नका, त्या खोऱ्यात रेंज तुटते. म्हणून चौघांपैकी तिघांनी उतरायचं आणि चौथ्यानं वरच्या अंगाला काठावर राहायचं. संच बंद झाला, दुसरा चालू झाला, काहीही बदललं की त्यानं गाडीनं खालच्या ठरलेल्या जागी येऊन सांगायचं. गाडी चढीपेक्षा वेगानं जाते, हा आपल्या बाजूचा एकच फायदा आहे. आळीपाळीनं तिघंतिघं उतरा, सगळ्यांची हौस भागेल.

खाली बाहेर कुठं पडायचं ते आधी चालत जाऊन बघून ठेवा. ती जागा ओलांडून बोम्मनहळ्ळीच्या साचलेल्या पाण्याकडं जायचं नाही. दांडेलीच्या बाजूला मगरी आहेत, त्या संथ पाण्याला आणि काठावरच्या वाळूला धरून असतात. तंबू नदीच्या काठाला टाकायचा नाही, याला मगर हे एक कारण आणि रात्री सुटणारं पाणी हे दुसरं, मोठं.

परवानगीबद्दल आडपडदा न ठेवता बोलतो. हा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूचा आहे, धरणाचा परिसर संरक्षित आहे. वन खात्याला विचारल्याशिवाय आणि वीजघराच्या लोकांना कळवल्याशिवाय उतरू नका. काही जण मागच्या वाटेनं गुपचूप उतरतात आणि अभिमानानं सांगतात. तुम्ही पाण्यात आहात हे वर कुणाला माहीत नसेल तर तुमच्यासाठी पाच मिनिटं कोण थांबेल? आणि त्यांच्यातल्या एकाला काही झालं की बंदी येते ती सगळ्या नदीवर. जोयड्याची कितीतरी पोरं या नदीवर पोट भरतात, त्यांचा विचार करा.

आता घटप्रभा. हिडकलचं पाणी मुख्यतः शेतीसाठी, डाव्या कालव्याचं पाणी नदीतूनच खाली धुपदाळच्या बांधापर्यंत येतं आणि तिथून कालव्यात वळतं. त्याच्या पुढं नदीत सुटतं ते मुख्यतः पूर असेल तेव्हा किंवा उन्हाळ्यात खालच्या गावांना पिण्यासाठी. त्या बांधाच्या खाली गोकाकचा धबधबा, सुमारे ५२ मीटर सरळ कोसळणारा. पण माझा नकार मुख्यतः बंधाऱ्यांसाठी आहे. आपल्या भागातल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत, मलप्रभेवरही आहेत, आणि तुम्ही त्यांना कमी लेखता अशी मला भीती आहे. पावसाळ्यात बरगे, म्हणजे खांबांमध्ये घालायच्या फळ्या, काढलेले असतात तेव्हा पाणी खांबांमधून सुसाट जातं आणि वाहून आलेली लाकडं त्या गाळ्यांत आडवी अडकलेली असतात. हिवाळ्यात बरगे घातले की पाणी बरग्यांवरून एकसारखं पडतं आणि खाली काठापासून काठापर्यंत उलटं फिरत राहतं. नैसर्गिक होलला कुठंतरी फट असते, तिथून सुटता येतं. बंधाऱ्याचं होल रुळासारखं सरळ असतं, त्याला दोन्ही बाजूंना भिंत. वरून बघताना ते पाणी शांत, सुबक दिसतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, पुन्हा भिंतीकडं ओढला जातो, पुन्हा खाली जातो, आणि वाचवायला उडी मारणारा दुसराही तिथंच राहतो. बंधारा दिसला की पन्नास पावलं आधी काठाला लागा आणि होडी खांद्यावरून पलीकडं न्या. बरगे असोत किंवा नसोत.

तर तुमचा बेत असा बदला. रविवार सोडा, मधल्या वारी दोन दिवस काढून या. लोंढा, रामनगर करत आदल्या संध्याकाळी गणेशगुडीला पोचा आणि दुसऱ्या दिवशी किती मशीन कधीपासून चालणार ते तिथल्या जुन्या गाइडना विचारा. दोघांना तरी विचारा, उत्तरं जुळतात का बघा. पहिल्या दिवशी परवानाधारक राफ्टमधून पैसे देऊन एक फेरी मारा. राफ्टमध्ये बसून खडक, फाटे, झाडं, थांबायच्या जागा मोजा. मग दुपारी काठावर काठी रोवून बसा आणि पाणी उतरताना सबंध बघा, दगड एकेक करून बाहेर येईपर्यंत. त्या दिवशी कयाक गाडीच्या टपावर बांधलेल्याच राहू द्या.